झाडलेली धूळ

३ मार्च
—आणि शर्टाची बटणं लावत हे निघालेच! छातीचा फोटो काढणारी तपासणीची गाडी आलीय कारखान्याच्या फाटकाशी. नंबर आला, डॉक्टर म्हणाली, "श्वास धरून ठेवा." यांनी श्वासही धरला नाही आणि जागाही. "मला काय धाड भरलीय?"
यांचा उभा जन्म बॉयलरच्या नळ्यांवर अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळण्यात गेला. खोकतात. मला कळू नये म्हणून नळ सोडून खोकतात.

४ मार्च
यांचा कारखान्यातला जोडीदार पैलवान आला होता. आता नावापुरताच पैलवान. वाक्य अर्ध्यावर थांबवून श्वास घेतो.
"गाडीतून पळालास म्हणे?"
"तू विड्या फुंकल्यास. मी नाही."
"फुंकल्या की! पण डॉक्टर विडीला दोष देईना. त्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीला देतेय."
मग दोघं जुन्या आठवणींत. पाळी सुटली की हवेच्या नळीने एकमेकांना झाडायचे. घरी धूळ न्यायची नाही, असा यांचा नियमच! पांढरा ढग उठायचा आणि त्यात हे उभे, हसत. स्वच्छ होत होतो, म्हणाले. पैलवान हसला नाही.
एवढं झाडूनही शिवणीत राहायचीच. मी मागच्या दारी यांचे कपडे झटकायची, मगच भिजवायची. तारेवर, कुंडीवर, माझ्या केसांवर पीठ पडल्यासारखं.

६ मार्च
गाडीचं नाव काढलं की उठून अंगणात जातात.

७ मार्च
शेवटी यांनी अट घातली. "आधी तू फोटो काढ, मग मी." लहान मुलासारखं! म्हटलं, बरं. गाडीत जाऊन थंडगार पाटीला छाती टेकवली, श्वास धरला. बाहेर येऊन म्हटलं, "काही दुखत नाही. जा." गेले.

१२ मार्च
डॉक्टरने दोन्ही फोटो उजेडावर लावले. बराच वेळ पाहिले. मी यांचा हात धरून बसले होते. 
"कारखान्याचे कपडे घरी कोण धुवायचं?"
"ही. मला कुठे हात लावू देते!" हे हसले.
डॉक्टर हसली नाही. यांच्याशी बोलली, मग माझ्याशी. उद्याच मोठ्या दवाखान्यात जा, म्हणाली. वाटेत यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

१३ मार्च
सकाळी पहिल्या बसने गेलो. दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीतल्या माणसाने यांचा खोकला ऐकून यांचंच नाव लिहायला घेतलं. हे म्हणाले, "माझा फोटो साफ आहे. हिचं लिहा."