पायरीवरचे साहेब

३ मार्च, सोमवार
पुन्हा तोच कुत्रा! कापडगिरणीच्या फाटकापासून खोलीपर्यंत मागे मागे. मी थांबले की तोही थांबतो आणि भलतीकडेच बघतो — जणू आमची ओळखच नाही. "हाड!" म्हटलं. परदेशातला कुत्रा, त्याला काय कळणार? शेपूट हलवली.

५ मार्च, बुधवार
कंपनीने मला इथे पाठवलं ते रंग जुळवायला. दिवसभर कापडाचे तुकडे दिव्याखाली धरायचे, नमुन्याशी ताडून बघायचे — पास की नापास. एकाच रंगाकडे फार वेळ बघायचं नाही. नजरेला सवय होते, मग फरक दिसेनासा होतो. म्हणून मधेमधे करड्या भिंतीकडे बघून घ्यायचं.

आज भिंतीऐवजी खिडकीतून खाली बघितलं. फाटकाशी साहेब बसलेले! (एक कान उभा, एक पडलेला, चेहरा थेट तपासनीसाचा. म्हणून साहेब.) रंग — दूध जास्त झालेला चहा. पोटाकडे मात्र फिकट, नापास.

संध्याकाळी पायरीवर बसून त्यांना अर्धा पाव घातला आणि पुष्कळ बोलले. ते "हाड" सोडलं, तर रविवारच्या फोननंतर तोंडातून निघालेलं पहिलं मराठी.

९ मार्च, रविवार
लेकीचा फोन. रविवारी एकदाच, हा नियम माझाच. ती होस्टेलला गेली तेव्हा घातलेला. रोज आईशी बोलत बसली तर तिथे रमणार कधी? मधल्या वारी फोन आला तर मी उचलायचेच नाही. रमली छान.

साहेबांचं सांगितलं. खूप हसली. "बाबा म्हणतायत, तिकडे दुसरा संसार थाटलास!" मग, "चल आई, ठेवते. मैत्रिणी थांबल्यात."
माझा चहा अजून गरम होता.

१३ मार्च, गुरुवार
घरमालकीणबाईंनी जिन्यात गाठलं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण ठसका पूर्ण. "तुमच्या आधीचा भाडेकरूही या कुत्र्याचे असेच लाड करायचा. गेला निघून! हा दाराशी रडत बसायचा, खाईना की पिईना. तुमचं काय, तुम्ही जाल. रडणं आम्ही ऐकायचं."

महिनाअखेरीस माझं परतीचं तिकीट. पाव मी त्याच्यासाठी आणते की माझ्यासाठी?

१६ मार्च, रविवार
लेकीला विचारलं, काय करू गं? "त्यालाही रविवारचा नियम लाव ना!" हसत म्हणाली.
हसतच म्हणाली ना?

१७ मार्च, सोमवार
ठरलं. आत्तापासूनच तोडायचं, म्हणजे मी जाईन तेव्हा त्याला जड जाणार नाही. पाव बंद. मागच्या फाटकाने, लांबच्या रस्त्याने यायचं.

१९ मार्च, बुधवार
मागच्या फाटकाशीही हजर! बघितलं नाही. चालत राहिले. कोपऱ्यापर्यंत आला, मग मागचा नखांचा आवाज थांबला.

२१ मार्च, शुक्रवार
पायरीवर बसला होता. त्याला ओलांडून आत गेले. हे त्याच्याच भल्यासाठी! मनाला विचारलं, ते पास म्हणतं. पण फार वेळ एकाच रंगाकडे बघत असले तर?

२५ मार्च, मंगळवार
पायरी रिकामी. जमलं!
जेवण काही गेलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार
बॅग भरायला काढली आणि कंपनीचा फोन — नव्या रंगांचं काम निघालंय, आणखी तीन महिने थांबाल का? हो म्हटलं. आणि आधी काय केलं, तर धावत जाऊन पाव आणला!

साहेब समोरच्या न्हाव्याच्या दारात पसरलेले. हाक मारली. उभा कान हलला. माझ्याकडे बघितलं. ओळखलं — नक्कीच ओळखलं — आणि मान परत पंजांवर ठेवली. न्हाव्याने वस्तरा पुसता पुसता खुणेनं सांगितलं, आता इथेच असतो.

पाव तसाच परत आणला.

२ एप्रिल, बुधवार
रविवार नव्हता, तरी लेकीला फोन लावला. घाबरलीच. "आई! काय झालं?"
काही नाही गं, सहज.
अगदी प्रेमाने म्हणाली, "बरं. मग रविवारी बोलू ना?"