पुढच्या खोलीतला प्रिंटर

प्रिय धाकट्या,

तू दिवसभर लोकांच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरतोस, म्हणून आधी कामाचंच विचारते. घरासाठी नेटवर्कवर चालणारा, टिकाऊ प्रिंटर कुठला घ्यावा? कॉम्प्युटर मागच्या खोलीत, ह्यांच्या पलंगाला लावून ठेवलाय. प्रिंटर मात्र मला पुढच्या खोलीत हवाय, शिलाई मशीनच्या शेजारी. ह्यांनी तिकडे बटण दाबलं की इकडे माझ्या हाताशी कागद आला पाहिजे. मध्ये वायर नको, चाकाची खुर्ची अडकते. आत्ताचा प्रिंटर पलंगाजवळ आहे आणि पार जेरीस आणतो. दोन-दोन कागद एकदम ओढतो, मग अडकवून घेऊन कुरकुरत बसतो. मी शिवण टाकून धावते.

मोबाईलवर निरोप पाठवता येतो, हे मलाही कळतं रे. पण तुझ्या भावजींचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. पडद्यावर चूक दडून बसते, कागदावर पकडता येते, हे त्यांचं ठाम मत. ह्या स्नायूंच्या दुखण्यात आधी आवाज गेला, तेव्हा हे छापून बोलणं सुरू झालं. मग पाय गेले. आता उजव्या हाताचं एक बोट तेवढं ऐकतं, त्यावर सगळा संसार चाललाय. भाजीत मीठ जास्त झालं तर तेही छापून येतं, पूर्णविरामासकट. भांडायचं असेल तर अक्षरं मोठी करतात. परवा एका पानावर एकच शब्द होता, ‘पुरे!’ मला हसू आवरेना, आणि माझं बघून तेही हसले. हसताना त्यांना धाप लागली, मग मात्र मी त्यांची पाठ चोळत बसले.

काल दुकानात गेले होते. दुकानदार भला माणूस. म्हणाला, बाई, शाईचा घेऊ नका, वापर कमी असला की शाई वाळते. पावडरचा लेझर घ्या, काळा-पांढराच घ्या, आणि कागद ओढणारे रबरी रोलर सुटे मिळतात का ते आधी बघा, बाकी यंत्र मरत नाही. मी सगळं नीट ऐकत होते. मग त्यानं विचारलं, “किती वर्षं वापरायचाय?” तो बिचारा वाट बघत उभा, आणि मी पिशवी उचलून सरळ बाहेर पडले.

कारण डॉक्टरांनी सांगितलंय, श्वासाचे स्नायू थकलेत. गळ्याला भोक पाडून श्वासाचं यंत्र लावावं लागेल, नाहीतर फार काळ नाही. हे नको म्हणून बसले होते. ‘तुझी शिलाई बंद पडेल. रात्रंदिवस माझ्या नळ्या धुवत बसशील. नको.’ इतकंच छापलं, आणि मी विषय काढला की डोळे मिटून घ्यायचे. ज्याचा आवाजच नाही, त्याच्याशी वाद कसा घालायचा सांग. मी एकटीच बोलायची, एकटीच रडायची, आणि पुन्हा लोकांच्या ब्लाउजना हुक लावायला बसायची.

काल दुकानातून आले ती तशीच चपलांसकट त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, “तो विचारतोय किती वर्षं. काय सांगू त्याला? बोला ना! बोला काहीतरी!” ओरडलेच मी. शेजारच्या काकू दारात येऊन परत गेल्या. ह्यांनी डोळे मिटले नाहीत. बोट उचललं. एकेक अक्षराला किती वेळ लागत होता रे, मधूनच हात गळून पडायचा, मी उचलून पुन्हा कीबोर्डवर ठेवायची. मेल्या प्रिंटरनं तेवढ्यात कागद अडकवला. मागचं झाकण उघडून हळूहळू ओढून काढला, चुरगळलेला, पण वाचता येत होता. ‘पाडू दे भोक. मलाही जायचं नाहीये. भीती वाटते.’

इतक्या वर्षांत ह्यांनी भीती हा शब्द माझ्यापाशी कधी काढला नव्हता. मी त्यांचं डोकं छातीशी धरून बसून राहिले. पुढच्या सोमवारी दवाखान्यात न्यायचंय. डॉक्टर म्हणतात, भूल देण्यातच मोठा धोका आहे, जवळचं कुणीतरी सोबत आणा. मला जवळचं दुसरं कोण आहे? फोन करणार होते, पण फोनवर मला रडू आवरत नाही आणि मागच्या खोलीत त्यांना सगळं ऐकू जातं. म्हणून गुपचूप लिहिते आहे. प्रिंटरचं राहू दे, तो कधीही घेता येईल. तू रविवारीच ये. ऑपरेशनच्या खोलीबाहेर एकटीनं बसणं मला जमणार नाही रे.

तुझीच,
ताई