भंगुर, एक नग

२ मे, सकाळ
चिकटपट्टीचं टोक निर्मात्याने मुद्दामच अदृश्य ठेवलेलं असावं. विश्वाचा आदी सापडेल, हिचा नाही. वीस मिनिटं नखाने चाचपडलो. बायकोने जाता जाता एका झटक्यात काढून दिलं. वर, टोक दुमडून ठेवत जा, हा उपदेश. दुमडणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

तिची बदली, बढतीवर, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी मुद्रितशोधक, प्रुफं घरूनच तपासतो, त्यामुळे सामान नेण्याची जबाबदारी आपण होऊन घेतली. पॅकर्सवाल्याचा आकडा ऐकून फोन आदराने खाली ठेवला. अर्धा भरलेला ट्रक शोधला, उरलेल्या अर्ध्यात आपण. स्वस्त. शिवाय सहजीवन.

४ मे
खोक्यांवर नावं घातली. लोक 'किचन', 'बुक्स' खरडतात. मी : पाकसाधने. ग्रंथ. शय्या. मेहुणा येऊन म्हणाला, भावजी, शय्येवर कोण आहे? दुर्लक्ष केलं.

बायकोचा एकच हट्ट, वायुभारमापक. (ती बॅरोमीटर म्हणते.) सासरे वेधशाळेत होते, त्यांचा. पितळी, दर्शनी काच. त्यांच्यामागे तिने तेवढीच वस्तू मागून घेतली. रोज सकाळी काचेवर टिचकी मारते आणि मला सांगते, उतरलाय, छत्री न्या. आता रेल्वेने मांडीवर घेऊन जाते म्हणाली. मी म्हटलं, इतक्या वर्षांत माझ्यावर एवढाही विश्वास नाही? तिने तो टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाली, अहो, खोक्यावर सरळ 'काच' लिहा.
काच! मी 'भंगुर' लिहिलं. ठळक. गचा उकार तर पाहत राहावा असा.

७ मे
बायको पुढे गेली. डब्याच्या दारातून दोन सूचना : बाकी काही फुटलं तरी चालेल. आणि कृपा करून ट्रकवाल्यांचं शुद्धलेखन काढू नका. इस्त्रीवाल्याची पाटी मी भर दुपारी खडूने दुरुस्त केली होती, ते ती अजून विसरलेली नाही.
संकल्प : महिनाभर कुणाचंही शुद्धलेखन सुधारायचं नाही.

९ मे, दुपार
ट्रक आला. ड्रायव्हरने खोकी पाहत यादी केली. पुस्तकं बारा, गाद्या दोन, 'भंगार – १ नग'. काना! पेन आपोआप खिशातून वर आलं. संकल्प आठवला. पेन परत खिशात. मोठ्या मनाने सही केली.
बायकोला फोनवर सांगितलं की आज मी एक चूक पाहूनही सोडून दिली. हसली. कौतुकानेच असावं.

१५ मे
नवं घर. तिने हॉलमध्ये खिळा आधीच ठोकून ठेवलाय. सामान आलं, एक खोकं कमी. ड्रायव्हर म्हणाला, काका, ते भंगार होय? मधल्या गोदामात माल बदलला, तिथेच देऊन टाकलं. एवढ्या लांब भंगार कोण वाहून नेतं? जागा वाचली तुमची. मी म्हटलं, भंगुर. तो म्हणाला, हो, तेच.
यादी दाखवली. खाली माझी सही. वळणदार.

संध्याकाळी तिने विचारलं. मागच्या ट्रकने येतंय, म्हटलं.

१६ मे
वस्तुतः दोष लिपीचा आहे. उद्या गोदामाला फोन. वस्तू परत मिळवणारच.

१८ मे
काल फोन राहिला. मनःस्थिती नव्हती. आज केला. गोदामवाला अतिशय सभ्य. काच फेकली, पितळ वितळवायला गेलं. टॉवेल चांगला आहे, पाठवू का? मी हो म्हणालो. का म्हणालो, कळत नाही. पत्ताही दिला.

तिने विचारलं, मागचा ट्रक कुठवर आला? वाटेत आहे, म्हटलं.

२३ मे
जुन्या बाजारात हुबेहूब दुसरा शोधायचं ठरवलं. सापडला की तिला कळणारही नाही. उन्हामुळे आज गेलो नाही.

२६ मे
पार्सल आलं तेव्हा मी अंघोळीला. बाहेर आलो तर तिने उघडलेलं. टॉवेल, नीट घडी घातलेला. त्यावर पाठवणाऱ्याची चिठ्ठी : 'भंगारातला'. शुद्धलेखन अचूक. तिने घडी मोडली, टॉवेल झटकला, बाथरूमच्या दांडीवर टाकला. मला म्हणाली, चहा गार होतोय.

२७ मे, सकाळ
ऑफिसला निघताना ती खिळ्यापाशी थांबली. भिंतीवर हलकेच टिचकी मारली. म्हणाली, छत्री न्या.
बाहेर लख्ख ऊन होतं. छत्री घेऊन गेलो.

वायुभारमापक मांडीवर न्यायला निघाली होती, तेव्हाच तिला माझी खात्री नव्हती. तेच बरोबर होतं, असं आता तिला कायमचं वाटेल, याची मला भीती वाटते. तिने मागच्या ट्रकबद्दल विचारणं बंद केलंय. मी अजून काही सांगितलेलं नाही.