नवसीची सातवी आणि सरावलीचे घर

मी, जयवंती दामोदर राऊत, वय ५९, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार सरावली, बोईसर, ता. पालघर, जि. ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या बुद्धीने, कोणाच्याही सांगण्यावाचून लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे. मन जागेवर नाही. एवढे लिहिताना तीनदा उठले.

१. चिंचणीच्या चिकूवाडीतील माझा हिस्सा भाचा खंडेराव यास द्यावा. त्याचा डोळा सरावलीच्या घरावर आहे. ते त्याला मिळणार नाही. कारण पुढे लिहिते. कोर्टात जाण्याआधी त्याने वाचावे.

२. हे दोन खोल्यांचे घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. १९७८ साली मी सातवीला शिकवत होते. नवसी ही डोंगरपाड्यावरच्या गोमाची मुलगी, तेरा वर्षांची. सहावीत सारखा हात वर करणारी ही पोर सातवीत एकदम गप्प झाली. मी तो उद्धटपणा समजले. एके दिवशी तिला फळ्यापाशी उभी करून घनफळाचे गणित घातले आणि उत्तर येईपर्यंत बसू दिले नाही. तास संपला तरी ती उभीच. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वैतरणेजवळच्या वीटभट्टीवर गेली.

मी तिला आणायला गेले. रचलेल्या विटांची लांबी, रुंदी, थर नुसते बघून ती एकूण विटा सांगत होती.

"हेच तर घनफळ. वर्गात का नाही सांगितलंस?"

"येत होता मना. पन सगली पोरां माज्याकडं बगत होती."

"चल परत."

"कुठं ऱ्हाऊ, बाई? घराला कुलूप हाय."

या घरातली एक खोली तेव्हा रिकामी होती. ती मी देऊ केली नाही. एकटीच परत आले.

३. त्यानंतर मी वर्गात आधी मुलांना दोघादोघांत बोलू देई, मग विचारी. त्या वयात गणितापेक्षा चारचौघांच्या नजरेची भीती मोठी असते, हे मला भट्टीवर कळले. मुख्याध्यापक नरहरी तात्यांनी शेरा लिहिला, "हा वर्ग आहे की मासळीबाजार?" त्यांना मी माफ केलेले नाही. तो शेरा आणि त्या वर्षीचा सातवीचा निकाल एका पाकिटात घालून त्यांना पाठवावा.

४. ज्यांचे आईबाप भट्टीवर जातात अशा पाचवी ते सातवीच्या मुलींना दिवाळीपासून शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत राहण्यासाठी हे घर मी ठेवते. व्यवस्था नवसीने पाहावी. ती आता बोईसरला कारखान्यात कामाला आहे. गेल्या महिन्यात तिच्या घरी जाऊन मी रिकाम्या खोलीचे सगळे सांगितले आणि या मुलींचे पाहशील का, असे विचारले. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "राहीन मी पोरींसंगं. पन सोला वरसं लागली तुमाला, बाई."



५. कायद्याने हे सारे माझ्या पश्चात व्हायचे. मला तेवढे थांबवत नाही. तानी आणि जिवली या अशाच दोन मुली कालपासून आतल्या खोलीत राहायला आल्या आहेत. माझे काहीही झाले तरी त्यांना येथून कोणी उठवू नये.

आत्ताच तानीने दारातून विचारले, "बाई, तुमी दवाखान्यातून परत येनार ना?" मी हो म्हटले. तेवढे मात्र मला लिहून देता येत नाही.

सही: जयवंती दामोदर राऊत

आमच्या देखत सही केली, साक्षीदार:
१. शालू विष्णू पाटील, सरावली
२. चिंतू लक्ष्मण संखे, बोईसर

ठिकाण: सरावली
दिनांक: १३ नोव्हेंबर १९९४