विमलच्या नावाचा खटका

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर
श्रावण शुद्ध दशमी

मानाचे मेव्हणे श्री. धनाजीशेठ यांस,

एकवीरा आईच्या कृपेने इकडे सर्व ठीक असलेल्या भगवानचा रामराम पोचावा. (‘सर्व ठीक’ हे पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. त्यातलं किती धरायचं ते खालचं वाचून ठरवा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? करंजाड्याच्या नव्या बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली, की वहिनी अजून भाजीची पिशवी दोरीने वर ओढतात? आणि तुमचा चष्मा सापडला का? नसेल तर फ्रीजवर बघा, मागच्या खेपेला तिथेच होता.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन मी रोज करतो. तो तुमची बहीण उचलते, “दादा घरी नाय” म्हणते, आणि मागे तुमचा खोकला ऐकू येतो. म्हणून हे पत्र आमच्या हरेशच्या हाती देतो आहे. विमल तुमच्याकडे चार दिवस आराम करायला आली आहे असं तिने सांगितलं असेल. इकडे मीही लोकांना तेच सांगतो. खरं म्हणजे ती रुसून आली आहे, आणि येताना माझ्या होडीच्या बॅटरीची लाल चावी कमरेला खोचून घेऊन आली आहे. ती चावी फिरवल्याशिवाय होडीत दिवा लागत नाही की इंजिन चालू होत नाही. नारळी पुनव तोंडावर आली. घरच्या बाईच्या हातून पूजा झाल्याशिवाय आमच्यात होडी दर्यात घालत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगायचं. म्हणजे चावीही तुमच्याकडे आणि पूजा करणारीही तुमच्याकडे. मी आपला जेट्टीवर उभा राहून दुसऱ्यांच्या होड्यांना रंग लागताना बघतो.

आता हे झालं कसं ते सांगतो. जरा लांबेल, चहा मागवा.

होडीतला जुना बोर्ड तुम्ही पाहिलेला आहे. आमचं जुनं घर पाडून तीन मजली बांधलं, तेव्हा पुढच्या खोलीतला लाकडी बोर्ड मी जसाच्या तसा उचलून होडीत ठोकला. चांगली वस्तू टाकायची कशाला. त्यावर पंख्याचा रेग्युलेटरही होता, जो कशालाच जोडलेला नव्हता. (आमचा तांडेल गंगाराम सुकाणू धरून बसला की घाईच्या वेळी तो पाचावर करायचा आणि होडी पळायला लागली म्हणायचा. मी त्याचं मन मोडलं नाही.) भोंग्याच्या जागी घरचीच दारावरची बेल. गेल्या मोसमात पहाटेच्या धुक्यात न्हावा शेव्याला जाणारं कंटेनरचं जहाज समोर आलं आणि नेमका आमचा दिवा विझला. बिल्डिंगएवढं जहाज अंगावर येतंय आणि गंगाराम त्याला टिंगटाँग करतोय, जसा काही आतून कोणी दार उघडायला येणार आहे. एकवीरा आईने वाचवलं. घरी आल्यावर हरेश म्हणाला, “पप्पा, एक तर नवा पॅनल बसवा, नायतर होडी विका.” आणि ऐरोलीच्या ऑफिसातून येताना खास होडीचा, पाणी न लागणारा, सहा खटक्यांचा पॅनल घेऊन आला.

बसवायला माणूस बोलवू म्हणाला, मी नको म्हटलं. शाळा माझी लवकर सुटली, पण मोबाईलवर व्हिडिओ बघून मी घरचा गिझर दुरुस्त केलेला आहे. (तो आता गार पाणी देतो, पण गळत नाही.) हरेशने वायर आणायला सांगितली, निम्मी लाल आणि निम्मी काळी. मी दुकानात उभा राहून विचार केला, पुनवेच्या तोंडावर, अजून नारळ वाहिलेला नाही, अशा होडीत काळी वायर घालायची? सगळी लाल घेतली. दिसायलाही पॅनल असा छान दिसला, लाल शालूतल्या नवरीसारखा. मग चालू केला. मी लाल-हिरव्या दिव्याचा खटका दाबला, तर भोंगा वाजायला लागला. भोंग्याचा खटका दाबला, तर सर्चलाइट लागला आणि भोंगा वाजतच राहिला. मासळी निवडणाऱ्या बाया पाट्या टाकून जेट्टीवर धावल्या. कोणी म्हणालं होडी बुडाली, कोणी म्हणालं भगवानला मुलगी... म्हणजे नात झाली. शेवटी गंगारामने भोंग्यावर गोणपाट बांधलं. संध्याकाळी हरेश आला, सगळ्या लाल वायरी बघून खालीच बसला.

“पप्पा, काली वायर अशुभ नसते. ती मायनस असते.”

मी म्हटलं, मायनस हे तरी काय शुभ आहे. पण त्याने रविवारभर बसून सगळं पुन्हा जोडलं आणि मी वायरी धरायचं काम केलं. काळ्या वायरीला मी हळूच कुंकू लावलं, ते त्याला सांगू नका.

इथपर्यंत सगळं गोडीत होतं. पुढची अडचण गंगारामची. खटक्यांची इंग्रजी नावं त्याच्या डोक्यात बसेनात. पण माणूस तो कधी विसरत नाही, सगळ्या गावाची सोयरीक त्याला पाठ. म्हणून मी खटक्यांना घरच्या माणसांची नावं द्यायचं ठरवलं, ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे. मोबाईल चार्जिंगचा खटका हरेश. सर्चलाइट नात उन्नती, तिच्यापासून कपाटातला लाडू लपत नाही. एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने हिरवा दिसणारा दिवा सूनबाई नमिता, कारण आपण तिच्या कुठल्या बाजूला उभे आहोत ते आधी बघून मग बोलावं लागतं. सहावा खटका कशालाच जोडलेला नाही, दाबला काय, नाही दाबला काय. त्याला मी माझं नाव दिलं. तुमचं नाव कुठे ते विमलने सांगितलंच असेल. भोंग्याचा आवाज करंजाड्यापर्यंत जाईल असा आहे, एवढंच मनात होतं. आणि होडीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप, तो विमल. गंगारामला पाच मिनिटांत पाठ झालं.

मग विमल नव्या पॅनलला ओवाळायला ताट घेऊन होडीत उतरली. नावं बघून आधी हसली. मग म्हणाली, “ह्यो माज्या नावाचा खटका कसला?”

“पंपाचा.”

“काय करतो ह्यो?”

माझी चूक एवढीच की मी खरं बोललो, आणि तेही अर्धं. म्हणालो, “पानी जरा साचलं का आपोआप चालू होतो. मंग खटका बंद केलास तरी थांबत नाय, पोटातलं सगलं भायेर टाकेपर्यंत.”

गंगाराम मागून म्हणाला, “आवाज पन तसाच हाय, वयनी.” (त्याला मी नंतर बोललो. पण नंतर बोलून काय.)

विमलने ताट खाली ठेवलं. लाल चावी फिरवली, उपसून कमरेला खोचली, म्हणाली, “आता बस तुज्या खटक्यांना धरून,” आणि गेली ती थेट तुमच्याकडे.

तरी कृपा करून चावी तेवढी हरेशकडे द्यावी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
भगवान

ता.क. भोंग्यावरचं तुमचं नाव काढलं आहे. तिथे आता गंगारामचं आहे.

ता.क. चावी सापडली नाही तर शोधत बसू नका. हरेशने काल दुकानातून दुसरी आणली, अगदी तशीच, चालतेसुद्धा. सगळे खटके लागतात.

ता.क. तुमचा चष्मा फ्रीजवरही नसणार, हे मला माहीत आहे. म्हणजे हे पत्र तुम्हाला विमलच वाचून दाखवते आहे. तर विमल, दादाला चहा दे आणि पुढचं मनात वाच. तू चावी काढून नेलीस तेव्हा होडीतलं सगळं बंद पडलं. त्या रात्री पाऊस झाला. सकाळी मी घाबरत गेलो, तर होडी तरंगत होती. तो पंप एकटाच हरेशने थेट बॅटरीला जोडला आहे, चावीचं त्याला काही नसतं. सगळे झोपले तरी तो जागा असतो. त्याच्याशिवाय बाकीचे पाचही खटके पाण्याखाली. म्हणून तुझं नाव तिथे दिलं होतं. हे आधी सांगायचं होतं, ते नंतर सुचलं.

नारळ मी आणला आहे. सोनेरी कागद तेवढा चढवायचा राहिला. मी चढवून बघितला, चुरगळतो.