ब्रेकवर पाय कुणाचा?

वाटूर, ता. परतूर
२३ जानेवारी २००३

आदरणीय रामकिसनराव यांना अप्पारावचा नमस्कार.

तुमचे गुडघे आता कमी दुखत असावेत, वहिनींचा खोकला गेला असावा आणि हरभऱ्याला यंदा घाटे बरे धरले असावेत, अशी आशा करतो. आम्ही खुशाल आहोत असं लिहायला घेतलं होतं. पण शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून मीच शिकवतो, तेव्हा ते वाक्य सोडून देतो.

विषय तुम्ही दिवाळीत बहिणीला दिलेल्या पांढऱ्या गाडीचा. गाडी नंदाबाई चालवते (लग्नाआधी तुम्हीच तिला ट्रॅक्टर शिकवला, त्याचा हा परिणाम) आणि मी शेजारी बसून सूचना देतो. पहिल्याच आठवड्यात मी मोटारसायकलवर तिच्या मागं होतो, तर गाडीचे मागचे लाल दिवे सारखे लागलेले. म्हणजे बाईसाहेबांचा पाय कायम ब्रेकवर! घरी आल्यावर मी शांतपणे समजावलं (शेजारच्या झुंबरबाई म्हणतात, त्यांच्या अंगणात सगळं ऐकू आलं). नंदाबाई म्हणाली, "मी पाय ठेवतच न्हाई." मी म्हणालो, "मंग दिवे काय हवेनं लागतात?" तेव्हापासून दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही.

वरून रोज सकाळी बॅटरी उतरलेली आणि रोज धक्का. गावातल्या मिस्त्र्यानं बॅटरी बदलली. तीही चार दिवसांत बसली. मंग ब्रेकचे लायनर बदलले, कारण बाई ब्रेक दाबूनच चालवते, असं मी त्याला छातीठोक सांगितलं होतं. मुख्याध्यापकांना, येणाऱ्या पाहुण्यांना आणि चुलतभावाकडच्या बारशात सगळ्यांसमोर मी हेच सांगितलं. (उभ्या गाडीचे दिवेही जळतात का, हे विज्ञानाच्या मास्तरला बघावंसं वाटू नये? पण आम्ही गाडी पाठीकडून गोठ्याच्या भिंतीला लावतो. मागं जाऊन बघतो कोण?)

शेवटी सोमवारी वैतागून आम्ही दोघं परतूरला इब्राहीमभाईंकडं गेलो. ते मोटारींच्या वायरिंगचंच काम करतात. मी नंदाबाईच्या पायाची सगळी हकिकत ऐकवली. त्यांनी ती ऐकून घेतली, नंदाबाईला खाली उतरवलं, किल्ली काढली आणि मला गाडीच्या मागं नेलं. दिवे लागलेलेच!

"मास्तर," ते म्हणाले, "भाभी तो इधर खडी है. अब किसका पाँव है?"

चहा पीत बसलेली चार माणसं मनसोक्त हसली. मंग इब्राहीमभाईंनी पेडलखाली डोकं घातलं. तिथं एक लहानसं बटन असतं. पेडल वर आलं की ते दाबलं जातं आणि दिवे विझतात. त्यांनी बोटानं दाबलं, विझले. बोट काढलं, लागले. बटन बिलकुल ठीक. पेडलवर त्याला टेकणारी रबराची टिकली तेवढी झिजून गळून पडलेली. जाड रबराचा तुकडा कापून बसवला. पाच मिनिटांचं काम.

मी हसून नंदाबाईला म्हणालो, "चला, सापडलं एकदाचं." ती गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, "मागून बराबर बघत राहा, लाईट लागतो का ते." आणि निघाली. मी बघत राहिलो. बाजाराच्या वळणापर्यंत एकदाही लागला नाही. गाडी जालन्याच्या रस्त्यानं गेली आणि मी एसटीनं वाटूरला आलो.

तर गाडी देताना जरा तपासून द्यायला हवी होती, एवढंच माझं म्हणणं. रागावू नये.

आपला मेहुणा,
अप्पाराव

ता. क. : नंदाबाई टेंभुर्णीला तुमच्याकडं सुखरूप पोचली असेलच. गाडी हवी तर ठेवून घ्या, पण तिला पाठवा. झुंबरबाई डबा देतात, मात्र देताना रोज विचारतात, "मास्तर, चूक कुणाची होती?"

ता. क. दुसरा : चूक माझी होती. पुढच्या रविवारी येतोय, तिला ते स्वतः सांगीन. तरी हे पत्र जपून ठेवा. ऐन वेळी माझ्याच्यानं बोलणं झालं नाही, तर हेच तिच्या हातात द्या.