पुष्पीची अकरावी

वारासिवनी, जि. बालाघाट
३ नोव्हेंबर १९७६

तीर्थस्वरूप शालिकराममामा यांच्या पायांवर डोके ठेवून खेमराजचा नमस्कार.

मामींचा गुडघा आता कसा आहे ते कळवावे. इकडे आईचा खोकला कमी आहे, बाबा नेहमीसारखे आहेत आणि धान कापणीला आले आहे.

आपण सुचवलेले आपल्या गोंदियाकडील गोरेगावचे डोमाजी पाहुणे आपल्या मास्तर चिरंजीवाला, म्हणजे चैतरामला घेऊन, गेल्या गुरुवारी आपल्या भाचीला, पुष्पलताला बघायला आले. स्थळ चांगले आहे, माझी तक्रार नाही. मात्र ते आले तेव्हा मुलगी घरी नव्हती, शाळेत होती. महाराष्ट्रात दिवाळीची सुट्टी तीन आठवडे चालते; आमच्या मध्य प्रदेशात दिवाळीला चार दिवस मिळतात आणि शाळा लगेच भरते. (आमची शाळा उघडतेही तुमच्यानंतर, एक जुलैला. हे मी मागच्या पत्रातही लिहिले होते.) डोमाजींना ते पटेना. "दिवाळीच्या सुट्टीत पोरगी शाळेत काहून?" त्यांनी विचारले. बाबा म्हणाले, "आमच्याकडं सुट्टी नाही जी." "अन् आमच्याकडं हाये ना," असे म्हणून डोमाजी बसले.

मुलगी येईपर्यंत त्यांनी शिक्षण विचारले. बाबांनी छाती काढून सांगितले, "अकरावीत हाये." डोमाजींचा लाडूचा हात वाटेतच थांबला. कारण त्यांच्या राज्यात गेल्या वर्षापासून मॅट्रिक दहावीलाच संपते आणि अकरावी कॉलेजात भरते. "म्हणजे पोरगी कॉलेजात जाते? अन् आमचा पोरगा मॅट्रिक करून मास्तर झाला. हे त उद्या त्यालेच फळ्यापाशी उभा करन." बाबा अडचणीत आले की माझ्याकडे बघतात. (पुष्पी सोडली तर घरात सर्वांत जास्त मीच शिकलो आहे, नववीपर्यंत. त्या वर्षी बाबांचा पाय मोडला आणि मी राइस मिलमध्ये लागलो.)

मी समजावून सांगितले की आमच्याकडे शाळाच अकरावीला संपते, जशी तुमची जुनी मॅट्रिक संपत असे, कॉलेज त्यापुढे. डोमाजींचा चेहरा निवळला. मामा, मी तिथेच थांबायला हवे होते. पण पाहुण्यांना अर्धवट माहिती देणे मला बरे वाटले नाही, म्हणून पुढे सांगितले की दहावीची परीक्षा आमची शाळा आपल्यापुरती घेते. बाहेरून पेपर येऊन दिलेली परीक्षा म्हणाल, तर आतापर्यंत आठवीचीच.

"म्हणजे पोरगी आठवी पास," डोमाजी म्हणाले आणि त्यांनी लाडू संपवला. "मंग पोराले सायकल लागन."

मी पुन्हा तोंड उघडले, तर आई आतून म्हणाली, "खेमराज, तू उगा राय. मघा कॉलेजात होती, आता आठवीत आली. अजून बोलशीन त पाळन्यात निजवशीन तिले."

चैतराम हळूच म्हणाले, "बाबा, मी मॅट्रिक झालो तवा आपल्याकडंबी अकरावीच होती." डोमाजी म्हणाले, "तू चूप राय. तुले सुट्टी हाये."

त्यांनी फाल्गुनातला मुहूर्त काढला आणि बाबांनी मान डोलावली. एवढ्यात पुष्पी दप्तर घेऊन दारात आली. सगळ्यांच्या पाया पडली आणि चैतरामना म्हणाली, "तुमच्या शाळेत परीक्षेच्या महिन्यात मास्तरले सुट्टी भेटते काय जी?" ते म्हणाले, "नाही भेटत." "मंग मले कशी भेटन? मार्चमध्ये माही बोर्डाची फायनल हाये."

डोमाजी उठले. फाल्गुन नाही तर दुसरी मुलगी, असे ते आपल्याला कळवणार आहेत. बाबा फाल्गुनाला तयार आहेत. म्हणतात, एका पेपरापायी स्थळ कुठे घालवता. आमच्या घरात शाळा शेवटपर्यंत अजून कोणी केलेली नाही, एवढेच मी आपल्याला लिहितो.

आपला भाचा,
खेमराज

ता. क. मे महिना दोन्ही राज्यांच्या शाळांना मोकळा असतो. तरी लग्न वैशाखात करावे, असे आपण डोमाजींना आपल्या तोंडाने सांगावे. आपला शब्द ते मोडणार नाहीत.

ता. क. दुसरे. पुष्पीने हे पत्र वाचले. ती म्हणते, वैशाखही नको. निकाल जूनमध्ये लागतो आणि निकालाआधी ती लग्नाला उभी राहणार नाही. निकालानंतर चातुर्मास लागतो, म्हणजे मुहूर्त थेट तुळशीच्या लग्नानंतर, आणि तोवर आपल्या गोंदियाचे कॉलेज सुरू झालेले असेल. तिची अकरावी तिकडे बारावीत बसते की थेट पदवीच्या पहिल्या वर्षाला, हे आपण कॉलेजच्या ऑफिसात विचारून ठेवावे. राहील आपल्याकडेच. पत्र मुळात यासाठीच लिहायचे होते, असे ती आता सांगते.

ता. क. तिसरे. पाकीट चिकटवणार तोच चैतराम मास्तरांचे कार्ड आले. सुट्टी होती म्हणून ते गोंदियाला जाऊन विचारून आले. बारावीत बसावे लागते. तेव्हा आपण हेलपाटा घालू नये. ते लिहितात की त्यांना थांबायची घाई नाही, वडिलांचे ते बघतील. (घाई नाही, थांबायला हरकत नाही, असे म्हणायचे असावे.) कॉलेजचे त्यांना कोणी सांगितले, ते मी पुष्पीला विचारलेले नाही. डोमाजींना मात्र तूर्त वैशाखच सांगावा.